भिंत आणि अंगणातले पेव्हर ब्लॉक यांच्यामधली फट : कशाने भरावी? (नाशिक, काळी माती)

पाथर्डीकर

नमस्कार मंडळी. आमचं पाथर्डी फाट्याजवळ छोटं रो हाऊस आहे, कोपऱ्याचं. समोर आणि पश्चिमेच्या बाजूला पेव्हर ब्लॉक, मागे मोरीकडे जुना कोबा. पश्चिमेच्या भिंतीला लागून पेव्हर आणि भिंतीमध्ये फट पडली आहे. पुढच्या बाजूला करंगळी जाईल एवढी, मागच्या कोपऱ्यात दोन बोटं सहज आत जातात. तिथले ब्लॉक थोडे खचलेलेही दिसतात. या पावसाळ्यात त्या फटीत पाणी गडप होताना पाहिलं आणि आता त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, हॉलमध्ये, स्कर्टिंगच्या वर वीतभर लोणा आला आहे. रंगाचे पोपडे सुटत आहेत. मुंग्यांचा त्रास तर आहेच.

गवंडी म्हणतो, सिमेंटचा पातळ माल कालवून ओततो, एका दिवसात काम होईल. शेजारचे काका म्हणतात, सिलिकॉनची नळी आणा आणि भरा. आईचं म्हणणं, त्यात वाळू टाका आणि वर्षाला भर घालत राहा. तिन्ही उपायांत किती तथ्य आहे ते कळत नाही. परतीचा पाऊस आता जवळपास संपला आहे, तेव्हा काम करायचं तर हिवाळ्यात करू असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

गोदातीर

सिमेंट ओतू नका एवढं नक्की सांगतो. आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी चारही बाजूंनी सिमेंट भरलेलं होतं. उन्हाळ्यात ते भिंतीपासून सुटलं आणि केसाएवढी फट राहिली. दिसत नाही, पण पाणी व्यवस्थित आत ओढून घेते. मोठी फट निदान दिसते तरी.

ओळंबा

पाथर्डीकर, मी बांधकामाच्या साइटवरच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी फट का पडली ते बघा, कशाने भरायची ते नंतर ठरवू.

आपल्याकडे खाली सगळीकडे काळा पाषाण आहे, त्यावर मुरूम, आणि त्यावर काळी माती. ती कुठे हातभर, कुठे पुरुषभर. घराचा पाया मुरमात किंवा खडकात नेलेला असतो. पेव्हर मात्र वरच्या मातीवर बसलेले असतात. म्हणजे भिंत एका जागी स्थिर आणि तिला चिकटून असलेली फरसबंदी वर्षभर हलणारी. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. त्यामुळे मे महिन्यात फट रुंद दिसेल आणि सप्टेंबरात अरुंद. या दोन गोष्टी एकमेकींना कायमच्या जोडता येत नाहीत, जोडूही नयेत. तिथे सांधा असलाच पाहिजे. आपलं काम इतकंच की त्या सांध्यातून पाणी आत जाऊ नये.

दुसरं कारण मागच्या कोपऱ्यातल्या दोन बोटांच्या फटीचं. पाया खोदताना चर रुंद घेतात आणि बांधकाम वर आलं की उरलेली जागा खोदलेल्या मातीने, विटांच्या तुकड्यांनी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनीसुद्धा भरून टाकतात. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून भराई करणारे फार थोडे. असा चर पुढचे कित्येक पावसाळे बसत राहतो. भिंतीपासून दोन-तीन फुटांच्या पट्ट्यातच ब्लॉक खचले असतील तर कारण हेच.

आता माझे प्रश्न. गच्चीचा पावसाळी पाईप कुठे पडतो? ढाळ कुठे आहे? बादलीभर पाणी भिंतीपासून दोन फुटांवर ओता आणि ते कुणीकडे धावतं ते पाहा. आतल्या फरशीपासून पेव्हर किती खाली आहेत? आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा आहेत का? असतील तर हा धागा बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. तो प्रश्न फटीचा नाही, पायाचा आहे.

पाथर्डीकर

ओळंबा, खूप आभार. तिरप्या भेगा नाहीत, आत-बाहेर दोन्हीकडून बघितलं. गच्चीचा पाईप त्याच मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर वर संपतो आणि पाणी थेट ब्लॉकवर पडतं. बादलीचा प्रयोग केला. पुढच्या बाजूला पाणी कंपाउंडकडे जातं, मागच्या अर्ध्या भागात मात्र भिंतीकडे येऊन फटीत शिरतं. उंचीचं सांगायचं तर पूर्वी घरात शिरायला तीन पायऱ्या होत्या. जुना कोबा न काढता त्यावरच डस्ट (दगडाची भुकटी) पसरून ब्लॉक बसवले, त्यामुळे आता दोन पायऱ्या आणि वर थोडंसं. पश्चिमेला तर पेव्हर आतल्या फरशीच्या जेमतेम तीन इंच खाली असतील.

ओळंबा

मग लोण्याचं कारण निम्मं इथेच सापडलं. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर असतो, ज्याला आपण डीपीसी म्हणतो. बाहेरची जमीन त्या थराच्या किमान सहा इंच खाली असावी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत तर जोतं भोवतालच्या जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच ठेवायला सांगितलं आहे, ते उगाच नाही. जमीन वर चढवली की भिंत डीपीसीच्या वरच्या भागात बाहेरून भिजते, आणि ती ओल विटांमधून आत चढते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तोच लोणा. आतून कितीही भारी वॉटरप्रूफ रंग मारा, बाहेरची पातळी उतरेपर्यंत तो पुन्हा येणार.

रातराणी

आमचं घर गंगापूर रोडला आहे. आम्ही फट भरलीच नाही. उलट भिंतीलगतचा दीड फुटाचा पट्टा मोकळा करून त्यात खडी भरली, खाली भोकांचा पाईप टाकला. पागोळ्यांचं पाणी खडीत पडतं, भिंतीवर चिखल उडत नाही, दिसतंही सुरेख. ओल अजिबात नाही. पाथर्डीकरांनी याचा जरूर विचार करावा. सगळीकडे काँक्रीट ओतून जमीन बुजवणं मला पटत नाही. पाणी जिरायला जागा नको का?

ओळंबा

रातराणी, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि तुमच्याकडे तो पट्टा चालतो याला कारणही आहे. तुमच्या भागात नदीकडे उतार असेल, माती पातळ असेल आणि खाली मुरूम लवकर लागत असेल. शिवाय तुमच्या पाईपला बाहेर पडायला तोंड आहे. पाथर्डी फाट्याच्या सपाट काळ्या मातीत तसा पट्टा केला आणि पाईपला खालच्या पातळीवर वाट मिळाली नाही, तर ती पायाला लागून खणलेली पाण्याची टाकी होते. काळी माती भिजायला वेळ घेते, पण भिजली की पाणी लवकर सोडत नाही.

पाणी जिरायला हवंच. ते भिंतीपासून निदान सहा-आठ फूट लांब जिरावं. कंपाउंडलगत शोषखड्डा करा, झाडांना द्या, बोअरच्या पुनर्भरणाला वळवा.

मळेकरी

मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे, म्हणून मातीबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात पड शेतातल्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो, आणि पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की त्याच भेगा अशा मिटतात की जागा सापडत नाही. हीच माती तुमच्या ब्लॉकखाली आहे. तिला एकदा भरपूर आणि एकदा काहीच नाही असं केलं की ती सगळ्यात जास्त हलते. ओलावा वर्षभर सारखा राहिला तर ती शांत असते. भिंतीलगत रोज पाणी दिलं की तेवढीच जागा भिजते, म्हणून भिंतीला लागून केळ, कर्दळ, जास्वंद लावून रोज पाईपने पाणी देणं बंद करा.

आणि मोठं झाड भिंतीजवळ असेल तर तेही बघा. उन्हाळ्यात ते मुळांनी मातीतलं पाणी ओढतं आणि नेमकी तेवढ्याच भागात जमीन खाली बसते. आमच्या जुन्या घराच्या एका कोपऱ्याला उंबर होता, फट तिथेच मोठी असायची. फटीत पिंपळ-उंबराचं रोप दिसलं तर दोन पानांवर असतानाच मुळासकट काढा. वरून छाटलं की मूळ जोत्यात आणखी जाड होतं.

दगडीजोतं

थोडं विषयांतर, पण जुन्या नाशकातल्या घरवाल्यांनी वाचावं म्हणून लिहिते. आमचा वाडा पंचवटीत, काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातलं बांधकाम. गल्लीचं काँक्रीटीकरण झालं तेव्हा रस्ता थेट जोत्याला भिडला आणि कडेची फट कुणीतरी सिमेंटने बंद केली. त्यानंतर पहिल्यांदाच आमच्या माजघरात ओल दिसली. पूर्वी जमिनीतली ओल कडेच्या मातीतून आणि चुन्याच्या दर्जांमधून (दगडांमधल्या सांध्यांमधून) उडून जायची. सिमेंटने तो मार्ग बंद केला की ती भिंतीत वर चढते. आम्ही ते सिमेंट छिन्नीने काढून घेतलं, जोत्याच्या दर्जा पुन्हा चुन्यानेच भरल्या आणि गल्लीच्या बाजूला पाणी वाहून जाईल असा ढाळ करून घेतला. अशा घरांना सीलंटचे (फट बंद करणाऱ्या रबरी मालाचे) उपाय डोळे झाकून लावू नका. विटा-सिमेंटचं घर आणि चुन्याचं घर यांचा स्वभाव वेगळा असतो.

ओळंबा

दगडीजोतं, अगदी खरं. हा प्रतिसाद वर पिन करून ठेवावा असा आहे.

पाथर्डीकर, आता तुमच्या भिंतीचं. सीलंट भरणं हा शेवटचा टप्पा, पहिला नाही. पेव्हर आणि भिंत यांच्यामध्ये कितीही उत्तम सीलंट भरलंत तरी दोन अडचणी उरतात. एक, पेव्हरच्या आपापसातल्या सांध्यांत वाळू असते आणि त्यातून पाणी खाली जातंच. ते ब्लॉक तसेच बनवलेले असतात. भिंतीलगतची एकच फट बंद करून काळी माती कोरडी राहणार नाही. दोन, सुटा ब्लॉक हलतो. सीलंटला दोन्ही कडा घट्ट लागतात. एक कड हलली की ते उपटून येतं.

म्हणून माझा सल्ला, पश्चिमेच्या पूर्ण लांबीत भिंतीपासून तीन फुटांचे ब्लॉक उचला. ते चांगले असतील तर धुऊन बाजूला रचा, नंतर वापरता येतात. खालची डस्ट, जुना कोबा आणि भुसभुशीत भराव काढा. शक्य असेल तर फूट-दीड फूट काळी माती काढून त्या जागी चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसून भरा. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दिला की तिची हालचाल बरीच आवरते, यावर आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी मोठं काम केलेलं आहे, आणि ते कालव्यांपासून इमारतींपर्यंत वापरलं गेलं. आपण साधा मुरूम वापरतो. त्यात थोडी चिकण असावी, निव्वळ दगडगोटे नकोत. दगडगोट्यांतून पाणी सरळ खाली उतरतं.

त्यावर तीन-चार इंचांचा पीसीसीचा, म्हणजे साध्या बिनसळईच्या काँक्रीटचा पट्टा, एक-दोन-चारच्या (सिमेंट-वाळू-खडी) मालाचा. यालाच प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. ढाळ बाहेरच्या बाजूला, फुटाला निदान पाव इंच, म्हणजे तीन फुटांत पाऊण इंच. मी स्वतः एक इंच धरतो, कारण पुढे थोडं बसलं तरी ढाळ उलटा होत नाही. दर पाच-सहा फुटांवर आडवा सांधा सोडा, नाहीतर काँक्रीट स्वतःच आपल्याला हव्या नसलेल्या जागी तडकेल. आणि सर्वांत महत्त्वाचं : काँक्रीट ओतण्याआधी भिंतीला अर्धा इंच जाडीची थर्माकोलची किंवा फोमची पट्टी उभी लावा. काँक्रीट भिंतीला चिकटता कामा नये, आणि पट्टा सळईने भिंतीला जोडायचा तर विचारही करू नका.

हे सगळं करताना पातळी खाली घ्या, म्हणजे तुमचे सहा इंच परत मिळतील. पट्ट्याच्या बाहेरचे पेव्हरही त्या हिशेबाने उतरवावे लागतील. तिथे काम वाढतं, पण ते टाळलं तर लोणा राहील. गच्चीचा पाईप एल्बो लावून जमिनीखालून चेंबरपर्यंत न्या. हे एकच काम आत्ता करता आलं तरी पुढचा पावसाळा निम्मा सुसह्य होईल.

पाथर्डीकर

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. गवंड्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, माती काढणं वगैरे ठीक, पण थर्माकोल कशाला, काँक्रीट भिंतीला चिकटलं तर पाणी जाणारच नाही. त्याला काय सांगू?

ओळंबा

त्याला गोदातीर यांचा प्रतिसाद दाखवा. चिकटलेलं काँक्रीट पहिल्या उन्हाळ्यात सुटतं, आणि सुटताना गिलाव्याचा पापुद्रा सोबत घेऊन येतं. पट्टा वर उचलला गेला तर भिंतीवर दाबही येतो.

कोपरापट्टी

आता सीलंटचं मी सांगतो. वॉटरप्रूफिंगची कामं करतो, सातपूर-अंबडच्या शेडपासून बंगल्यांपर्यंत.

सिलिकॉन काचेला आणि ॲल्युमिनियमला. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर टिकत नाही, त्यावर रंगही बसत नाही. तुम्हाला पीयू सीलंट लागेल, म्हणजे पॉलियुरेथेन. दोन भागांचं पॉलिसल्फाइडही उत्तम, पण ते मिसळण्यात आणि वेळेत भरण्यात सराव लागतो. घरगुती कामाला एकाच पाकिटातलं पीयू सोपं. पूर्वी गरम डांबर आणि वाळू भरायचे. एप्रिल-मेच्या उन्हात ते पाझरतं आणि चपलांबरोबर घरात येतं.

भरण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण माल चांगला असून काम फसतं ते इथेच. थर्माकोलची वरची इंच-दीड इंच पट्टी कापून काढा. भिंतीचा त्या जागचा रंग खरवडून थेट गिलाव्यापर्यंत जा. सीलंट रंगाला धरतं आणि रंग भिंतीला सोडतो. गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजला तर आधी तो दुरुस्त करा. मग ब्रश, मग फुंकणी. धूळ राहिली की संपलं.

त्यानंतर बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी. ती फटीपेक्षा पाव पट जाड घ्यायची. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीला १५-१६ मिलिमीटरची, २० च्या फटीला २५ ची. बोथट वस्तूने दाबत बसवायची. स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर आतली हवा नंतर सीलंटमध्ये बुडबुडे करते. या रॉडचं खरं काम असं की सीलंट तळाला चिकटू नये. ते फक्त दोन बाजूंना चिकटलं तर रबरासारखं ताणलं जातं. तळालाही धरलं की मधोमध फाटतं.

सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी. १२ मिलिमीटर रुंदीला ६ खोल. लोक भरपूर भरलं की मजबूत होईल असं समजतात. जास्त जाड भरलेलं सीलंट ताणायला कडक होतं आणि कडेने सुटतं. ६०० मिलिलिटरच्या एका लांबट सॉसेज पाकिटात १२ बाय ६ चा सांधा साधारण सव्वाआठ मीटर होतो, म्हणजे सत्तावीस फूट. थोडं वाया जातं म्हणून पंचवीस धरा.

पाथर्डीकर

मागच्या कोपऱ्यातली फट दोन बोटांची आहे, तिथेही एवढंच?

कोपरापट्टी

नवा पट्टा ओतणार ना? मग ती फट उरतच नाही. काँक्रीट थर्माकोलच्या पट्टीपर्यंत येईल आणि सगळीकडे सारखा अर्धा इंचाचा सांधा राहील. ज्यांना जुनाच कोबा ठेवायचा आहे त्यांनी रुंद फटीत भिंतीकडे फोमची पट्टी उभी करून उरलेली जागा कोब्याच्या बाजूने बारीक खडीच्या मालाने भरावी. जुनी कड तासून, ओली करून, सिमेंटचा घोळ लावून मगच भरा, म्हणजे नवा माल कोब्याला धरेल. नुसतं सीलंट दोन इंच रुंद भरणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

गोदातीर

कुठल्या महिन्यात भरायचं? आमच्याकडेही हेच काम काढतो आहे.

कोपरापट्टी

नव्या काँक्रीटला पाणी मारून झाल्यावर महिनाभर वाळू द्या. सांधा कोरडा हवा, म्हणजे पाऊस आणि पहाटेचं दव दोन्ही नकोत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहानंतर ते चारपर्यंत. तेव्हा माती पूर्ण भिजलेली नसते आणि पूर्ण भेगाळलेलीही नसते, त्यामुळे फट साधारण मधल्या मापाची असते. चांगल्या पीयू सीलंटला रुंदीच्या २५ टक्के ताण आणि तेवढाच दाब सोसवतो. फट मधल्या मापाला असताना भरलं तर दोन्ही बाजूंना वाव राहतो. मे महिन्यात भरलं तर पावसाळ्यात फुगून वर येतं, सप्टेंबरात भरलं तर उन्हाळ्यात ताणून फाटतं.

रातराणी

माझा एक प्रश्न राहिला. वाळवीचं काय? सगळं बंद केल्यावर खालून आली तर दिसणारही नाही.

ओळंबा

फार योग्य वेळी विचारलंत. ब्लॉक उचललेले असताना, मुरूम भरून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्यायचं. ती वेळ गेली तर नंतर पट्ट्याला भिंतीलगत फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडावं लागतं. भारतीय मानकात तीच पद्धत दिलेली आहे, दर मीटरला सव्वादोन लिटर द्रावण. पण मग तुम्ही जपून भरलेल्या सांध्याशेजारीच भोकं पडतात. औषध मारणारा परवानाधारक असावा, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर त्याला आधी सांगा. ते पाण्यात उतरता कामा नये.

पाथर्डीकर

बोअर आहे, पुढच्या अंगणात. बरं झालं विचारलंत.

मग माझं असं ठरतं आहे : गच्चीचा पाईप याच आठवड्यात चेंबरपर्यंत. दिवाळीनंतर पश्चिमेचे ब्लॉक उचलणं, मुरूम, औषध, पट्टा. पुढचं अंगण सध्या तसंच ठेवतो, तिथे पाणी कंपाउंडकडे जातं आहे. सीलंट जानेवारीत. हॉलच्या आतल्या लोण्याला आत्ता हात लावू का?

ओळंबा

आत्ता फक्त सुटलेला गिलावा खरवडा आणि कोरड्या ब्रशने क्षार झाडून काढा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. भिंत उन्हाळाभर वाळू द्या, रंगाचं पुढच्या पावसाळ्यानंतर बघा. आणि उद्याच भिंतीवर फटीशेजारी तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करून, फटीची रुंदी मोजून तारीख लिहा. ब्लॉक उचलण्याआधी पुन्हा मोजा. पट्टा झाल्यावर त्याच खुणांपाशी नवा सांधा मे महिन्यात आणि सप्टेंबरात मोजा.

कोपरापट्टी

एक राहिलं. सीलंट ओढण्याआधी दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याने सारखं करा आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा. सीलंट वाळल्यावर काढलीत तर कड फाटते. पीयू हवेतल्या दमटपणावर दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पिकतं आणि थंडीत त्याहून सावकाश. तोपर्यंत त्या बाजूला अंगण धुऊ नका, सायकल टेकवू नका. सांधा भिंतीच्या रंगात विरून जावा असं वाटत असेल तर ओलं असतानाच वरून कोरडी चाळलेली वाळू भुरभुरा. उन्हाचा मारही कमी बसतो.